दुक्रोंची वाट

आर्लेट दुक्रोला एकूणच माणसांचं वावडं होतं, पण सायकलवाली माणसं दिसली की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यांच्या त्या अंगाला चिकटलेल्या चड्ड्या, त्या रंगीत टोप्या, चढ संपला की द्राक्षमळ्याच्या बांधावर बूड टेकणं आणि ‘इथे किती शांत आहे, नाही?’ असं एकमेकांना ओरडून सांगणं. “तुम्ही येईपर्यंत होतं,” असं ती एकदा एका जोडप्याला म्हणाली होती. जोडप्याला हा गावरान विनोद वाटला आणि त्यांनी तिच्यासोबत फोटो मागितला. त्या दिवशी तिने रागाने दुपारचं जेवण टाकलं.

फ्रान्सच्या बोजोले भागातल्या टेकड्यांमध्ये मोंपेरू नावाचं आमचं तीनशे वस्तीचं गाव आहे. आर्लेटचं भांडण नाही असं त्यात एकच घर होतं, आणि ते वीस वर्षं बंद होतं. नवरा एमील वारून अकरा वर्षं झालेली. मुलगी ल्योंला दातांची डॉक्टर. वेलीपेक्षा दाढा बऱ्या, निदान गारपिटीने जात नाहीत, असं तिचं मत. बाहत्तराव्या वर्षीही आर्लेट सगळी छाटणी एकटीने करायची, जानेवारीत, बोटं काळीनिळी पडेपर्यंत. मजूर लावले की वेल बिघडतो, असं ती सांगे. खरं म्हणजे तिच्या हाताखाली दुसऱ्या दिवशी परत येईल असा मजूरच उरला नव्हता.

तिच्या मळ्याचे दोन तुकडे होते आणि मधून एक वाट टेकडीच्या माथ्यापर्यंत जायची, जेमतेम ट्रॅक्टरच्या रुंदीची. ती तिच्या बापाने बांधली होती. आमच्याकडे उतार असा की पावसाळी वर्षाला निम्मी माती खाली येऊन पडते, आणि हिवाळ्यात ती पाठीवरच्या टोपलीतून परत वर न्यायची. बापाने माती नेली, तिच्यासोबत गुलाबी दगडही नेले, आणि चौदा हिवाळ्यांत ती वाट खालपासून वरपर्यंत फरसबंद केली. आर्लेट सहा वर्षांची असल्यापासून लहान टोपली घेऊन त्याच्या मागे चढायची. त्या वाटेखालची जमिनीची पट्टी मुळात बापाच्या चुलतभावाची. त्रेपन्न साली दोघे ती चालून आले, तळघरात पिंपातून वाईन काढून प्यायले, हातात हात दिला आणि पट्टीची अदलाबदल झाली. कागद कोणी केला नाही. मोंपेरूत कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर चोर म्हणणं.

वाट तिची होती, पण वाटेसाठी खिशात हात घालायचा तिचा स्वभाव नव्हता. पावसाने दगड उखडले की ती मेयरच्या कचेरीला पत्र लिहायची. कडेची चारी तुंबली की पत्र. सरकारला आपल्या कामाला जुंपणं ही आमच्या गावात कलाच समजली जाते, आणि ज्याला ती साधते त्याचं लोक कौतुक करतात. दोनदा तर गावाच्या खर्चाने खडीची गाडी आली. आर्लेटने चालकाला वाईन पाजली आणि गाडी वळल्यावर पोट धरून हसली.

गेल्या फेब्रुवारीत एका सकाळी तिला त्या वाटेच्या तोंडाशी एक तरुण मुलगी खांब ठोकताना दिसली. खांबावर हिरवी पाटी, पाटीवर सायकल.

“हे काय चाललंय?”

“नमस्कार बाई. मी क्लेमांस, जिल्ह्याच्या रस्ते विभागातून. सायकलमार्ग होतोय. मळ्यामळ्यांतून जाणारा, मोटारी नाहीत, अगदी निवांत.”

“वाट माझी आहे.”

“नकाशात गावाची दाखवलीय.”

“माझा बाप दगड वाहत होता तेव्हा तुझा नकाशा कुठे होता गं?”

मुलगी गोंधळून गेली आणि निघून गेली. आर्लेटने खांब उपटला आणि त्याचं जळण केलं. आठवड्याने दुसरा आला, त्याचंही केलं. तिसरा सिमेंटमध्ये बसवला होता. तो हलेना, तेव्हा तिने कोट चढवला आणि तरातरा कचेरी गाठली.

मेयर रेजिस हा तिच्यापेक्षा वर्षाने लहान, पण शाळेत एकाच बाकावरचा. नवव्या वर्षी तिने त्याच्या डोक्यात पाटी घातली होती आणि तो ते विसरलेला नव्हता. तिला दारात पाहताच तो उठला, कपाटातून एक जाडजूड फाइल काढली आणि टेबलावर ठेवली. जणू कित्येक वर्षं तो याच दिवसासाठी दाढी करून बसला होता.

“बस, आर्लेट.”

“बसायला नाही आले. ती पाटी काढ.”

रेजिसने चष्मा लावला. “‘आपल्या कचेरीच्या मालकीच्या रस्त्याची ही दुर्दशा पाहून आपणांस लाज वाटायला हवी.’ सत्याऐंशी साल. सही तुझीच ना?” त्याने पान उलटलं. “‘हा सार्वजनिक रस्ता असून त्याची डागडुजी हे गावाचं कर्तव्य आहे, आमच्यासारख्या गरीब शेतकऱ्यांचं नव्हे.’ यातलं ‘गरीब’ मला फार आवडलं. अशी एकोणीस आहेत. खडीही दोनदा टाकलीय. आता कायदा म्हणतो, गाव ज्याची निगा राखतं ती वाट गावाची.”

“खडीसाठी सगळेच असं लिहितात. तुझ्या बापानेही लिहिलंय.”

“लिहिलंय ना. आमच्या वाटेवरूनही सायकली जाणार आहेत. मी आरडाओरडा करतोय का?”

“तुझ्या बापाने वाट बांधली नव्हती, रेजिस. तुझ्या बापाने आयुष्यात दुसऱ्याच्या पेल्याशिवाय काही उचललं नाही.”

“तोंड सांभाळ. अदलाबदलीचा कागद असेल तर आण, आत्ता पाटी काढतो.”

“कागद नाही हे तुला ठाऊक आहे. तळघरात तिसरा पेला तुझ्याच बापाच्या हातात होता. साक्षीदार होता तो. त्याने तुला सांगितलं नाही म्हणतोस?”

रेजिसने क्षणभर फाइलच्या दोरीशी चाळा केला. त्याला सांगितलेलं होतं; ते त्याच्या मानेवर लाल होऊन चढलं. “तो वारला, आर्लेट,” तो म्हणाला. “आणि मी तेव्हा पाळण्यातही नव्हतो.”

विलफ्रांशच्या वकिलाने सगळी एकोणीस पत्रं वाचली. इतक्या सुंदर भाषेत कुणी आपली वस्तू दुसऱ्याला बहाल केलेली मी पाहिली नाही, असं म्हणून त्याने तिला जिन्यापर्यंत सोडलं. परतताना बसमध्ये आर्लेट खिडकीकडे तोंड करून बसली होती. आपल्याच हाताने आपण पायावर धोंडा मारून घेतला हे तिला कळत होतं आणि ते तिला सहन होत नव्हतं. शेताचा तुकडा गेला असता तर तिने सोसलं असतं. ती वाट म्हणजे बापाची पाठ होती. आता त्या पाठीवरून कुणीही यायचं, आणि आर्लेटनेच पत्रं लिहून बोलावलं म्हणून यायचं.

मे महिन्यातल्या एका शनिवारी उद्घाटन ठरलं. रेजिस मेयरपदाचा तिरंगी पट्टा खांद्यावरून लावून आला. खाली टेबलावर बकरीच्या दुधाचं चीज आणि ब्लॅककरंटचं गोड मद्य घातलेली पांढरी वाईन मांडली होती, आणि साठेक सायकलवाले रांगेत उभे होते. आर्लेट स्वयंपाकघरातली खुर्ची घेऊन आली, वाटेच्या अगदी मधोमध ठेवली आणि हाताची घडी घालून बसली.

“ऊठ,” रेजिस दबक्या आवाजात म्हणाला. “शोभा करू नकोस.”

“का? सार्वजनिक रस्ता आहे ना? मीही त्याच जनतेतली. मला इथली हवा मानवते.”

गावकरी खिदळले. हसू आपल्याला आहे की मेयरला, हे तिने पाहिलंही नाही. रेजिसचा चेहरा दगडासारखा झाला. तो सायकलवाल्यांकडे वळून म्हणाला, “बाईंना बसू द्या. बाजूने जा.”

बाजू म्हणजे मळा. पहिला माणूस सायकलवरून उतरला, “माफ करा हं, बाई,” म्हणाला आणि सायकल हाताशी धरून वेलींच्या ओळीत शिरला. मेमध्ये फुटवे वीतभर वाढलेले असतात, बांधणी व्हायची असते आणि ते इतके कोवळे असतात की बाही लागली तरी मोडतात. सायकलचं हँडल अडकलं. टच्. हा आवाज मळेवाल्यांखेरीज कुणाला ऐकू येत नाही. आर्लेटने ऐकला, आणि समोर उभ्या असलेल्या रेजिसनेही ऐकला, कारण त्याचाही मळा होता.

दुसरा गेला. टच्. प्रत्येक फुटव्यावर दोन-दोन घोस धरलेले होते.

“वेलींना धक्का लावू नका,” ती म्हणाली.

“जपूनच जातोय आम्ही,” तिसरा अगदी अदबीने म्हणाला आणि एकदम दोन मोडून गेला.

ती रेजिसकडे पाहत राहिली. तो एक शब्द बोलला असता तर सायकलवाले थांबले असते. तो आपल्या पट्ट्याची गाठ नीट करत होता. पाचवा गेला, सहावा गेला. सातव्याने सायकल उचलली तेव्हा आर्लेट उठली. खुर्ची तिने वाटेवरून ओढली, वेलींच्या पुढ्यात कडेला लावली, वाटेकडे पाठ करून बसली आणि दोन्ही हात पसरून जवळचे फुटवे आत धरून ठेवले. वाट मोकळी झाली. खाली टाळ्या पडल्या, आणि सायकली तिच्या पाठीमागून वर चढू लागल्या. प्रत्येक जण जाताना “नमस्कार बाई” म्हणत होता. एवढे नमस्कार तिला अख्ख्या गावाने मिळून दहा वर्षांत केले नव्हते.

शेवटचा एक पिकल्या मिशांचा माणूस होता. दम खायला तो तिच्या खुर्चीमागे थांबला आणि बुटाने दगड ठोकून पाहू लागला.

“काय सुरेख फरसबंदी आहे,” तो म्हणाला. “हल्ली असं काम कोण करतं? तुमच्या मेयरसाहेबांचं अभिनंदन केलंच पाहिजे.”

आर्लेटच्या तोंडाशी जे आलं ते मोंपेरूतही आजवर कुणी ऐकलं नव्हतं. पण त्याच्याकडे वळायचं तर हात सोडावा लागला असता, आणि हातात फुटवा होता.