काशीवासाच्या खोलीत पाटा

भुसावळ स्टेशनावर गाडी सुटेपर्यंत आई एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. "घर मिळालं की कळव. मी पाटा घेऊन येते." नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षे. वृत्तसंस्थेने माझी वाराणसीला बदली केली होती आणि ती टाळता आली नव्हती. वडील नव्हते. रावेरच्या घरात आई एकटी राहणार होती, आणि ओसरीच्या पायऱ्या चढतानाही तिला धाप लागू लागली होती. वाराणसीत मोठे रुग्णालय आहे, एवढाच दिलासा होता. घर मिळाले की तिला तिथे दाखवायचे, असे ठरले होते.

घर मिळेना. "कहाँ के हैं?" हा पहिला प्रश्न असे. महाराष्ट्र म्हटले की "अच्छा, परदेसी हैं." दुसरा प्रश्न नोकरीचा. "पत्रकार और वकील को हम मकान नहीं देते," असे एका गृहस्थाने चहा पाजून सांगितले. भाडेकरू एकदा शिरला की निघत नाही, खटला नातवंडांपर्यंत चालतो, ही तिथल्या घरमालकांची धास्ती होती. ती खोटी नव्हती.

मग कोणीतरी दूधविनायक गल्लीचा रस्ता दाखवला. त्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या राहिलेली मराठी कुटुंबे होती. गाव सोडलेली माणसे एक चूक हमखास करतात: आपली भाषा ऐकू आली की घर सापडले, असे समजतात. तिथल्या एका दारातून "आत या, बाहेर का उभे?" असे मराठी शब्द आले, तेव्हा तेच झाले.

घर नानागुरुजींचे होते. दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंचे विधी ते करत. त्यांनी गाव विचारले, आडनाव विचारले, आडनाव पुन्हा एकदा विचारले. मग म्हणाले, "तुम्ही आपलेच. पण किराएदार ठेवून हात पोळलेत. खालचा एक आहे, बाबांच्या काळापासून बसलाय, कचहरीत केस सुरू आहे. वरची खोली आहे, पण ती आम्ही काशीवासाला देतो."

काशीवास म्हणजे उतारवयात काशीत येऊन मरणाची वाट पाहणे. अशा वृद्धांना गल्लीतली बरीच घरे खोली देत. त्यात पुण्य होते. आणि खोली आपोआप रिकामी होत होती.

उठताना आईचा उल्लेख झाला. तिला धाप लागते, उपचारासाठी आणायचे आहे, इतकेच मी बोललो. नानागुरुजींचा चेहरा मऊ झाला.

"वय काय त्यांचं?"

सांगितले.

"अन्न जातं?"

"कमी झालंय."

"असं आधी सांगायचं ना! आणा त्यांना. या घरातून कोणी विन्मुख नाही गेलं."

"उपचारासाठी आणतोय," मी पुन्हा म्हटले.

"हो, हो. सगळे तसंच म्हणतात," ते हळुवारपणे म्हणाले. काशीत मरणाबद्दल तसेच आडून बोलायची रीत होती. आईला मरायला आणतो, असे कोणता मुलगा तोंडाने सांगेल?

आई आली. हमालाने पाटा आणि वरवंटा उतरवला तेव्हा नानागुरुजींच्या कपाळावर आठ्या पडल्या. "हे कशाला?" त्यांनी विचारले. काशीवासाला येणारे एवढे जड काही आणत नाहीत. आईला वाटले, हमालाची दया आली असेल.

पहिले काही आठवडे घराने तिला डोक्यावर घेतले. गुरुजींच्या पत्नीने, काकूंनी, उशाशी गंगाजळाचा गडू ठेवला. गल्लीतल्या बायका येऊन पाया पडून गेल्या. "आई, कोणाला भेटायची इच्छा राहिलीय का? कळवू या," असे काकूंनी विचारले, तेव्हा आई मला म्हणाली, "किती मायाळू बाई आहे रे! माझ्या माहेरच्यांची केवढी काळजी तिला." नानागुरुजी रोज सकाळी दारातून विचारत, "रात्र कशी गेली?" आई म्हणे, "मस्त गेली." ते क्षणभर थांबत आणि जिना उतरत.

रुग्णालयात दुखण्याचे मूळ सापडले. औषध लागू पडले. धाप कमी झाली, भूक परतली. आई भाजी आणायला जाऊ लागली, भाजीवाल्याशी खान्देशी हिंदीत भांडू लागली. गच्चीवर तिने सांडगे घातले. एका सकाळी पाट्यावर हिरव्या मिरच्यांचा ठेचा वाटल्याचा खकाणा घरभर गेला आणि खालचा भाडेकरूसुद्धा शिंकला.

त्यानंतर खालच्या नळाचे पाणी आम्हाला बंद झाले. गच्चीच्या दाराला कुलूप लागले. पुढच्या एकादशीला नानागुरुजी वर आले.

"देवाची कृपा, आई बऱ्या झाल्या. मग आता गावी कधी? नागपूरच्या एका आजोबांना शब्द दिलाय. त्यांच्यापाशी वेळ थोडा आहे."

आई पाट्यावर वाटायला बसली होती. हात न थांबवता तिने विचारले, "म्हणजे गुरुजी, मी मेले असते तर चांगली भाडेकरू ठरले असते?"

"असं वाकडं नका घेऊ. काशीत मरायला ज्यानं जागा मागितली, त्याला आम्ही कधी नाही म्हटलं नाही. राहायलाच यायचं, तर दुसरे मोहल्ले आहेत."

"माझंच चुकलं. डॉक्टरला सांगायला हवं होतं, बाबा, इतकी हुशारी दाखवू नकोस."

जिन्यात उभ्या काकू पदरात हसल्या. नवऱ्याने पाहताच थांबल्या.

नानागुरुजी दुष्ट नव्हते, हे नोंदवले पाहिजे. संताप येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. त्यांचे पूर्वजही दक्षिणेतून सामान घेऊन आले होते, राहायला, जगायला. शेजारी त्यांना अजून दखिनी म्हणत, आणि ते त्यांना लागे. पण त्याच गल्लीत एका मराठी बाईचे बरे होणे हा त्यांना करारभंग वाटला. परक्यांनी आधी नकार दिला होता, निदान सरळ. आपल्या माणसाने होकार दिला होता तो आईच्या मरणाला.

आम्ही लंका नावाच्या मोहल्ल्याच्या बाजूला राहायला गेलो. घरमालक बलिया जिल्ह्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, एकटे. टांग्यातून पाटा उतरताना त्यांनी वाकून पाहिले. "माताजी सिल-बट्टा लायी हैं? मतलब टिकेंगी. अच्छा है, अकेले में घर काटने को दौड़ता है." आणि वरवंटा त्यांनी स्वतः उचलून आत नेला.

आई महिन्यातून एकदा गंगेवर जायची ती मुद्दाम दूधविनायकातून. खिडकीखाली थांबून खणखणीत आवाजात सांगायची, "गुरुजी, बरी आहे हो!" गुरुजी खिडकी ओढून घेत. काकू मात्र एकदा खिडकीतून ओरडल्या, "आई, ठेच्यात लसूण किती घालता?"

रावेरचे घर पुढे विकले. आईही आता नाही. ती बऱ्याच वर्षांनी गेली, नाशकात, माझ्या तिसऱ्या बदलीच्या भाड्याच्या घरात. गाव कोणते, असे कोणी विचारले तर उत्तर द्यायला वेळ लागतो. पाटा माझ्याकडे आहे. नव्या शहरात घर बदलताना तो सर्वांत आधी उतरवतो आणि मालकाकडे पाहतो. तो कपाळाला आठ्या घालतो, की हात लावायला पुढे येतो.