खांदे सैल सोडणारा ड्रायव्हर

आसगावहून भंडाऱ्याला जाणाऱ्या आमच्या सकाळच्या बसचा ड्रायव्हर भारी रागीट. आणखी एक भांडण झालं तर गाडीवरून उतरवू, असं डेपोतल्या साहेबांनी त्याला बजावलं होतं. मग तिथल्याच शिबिरात तो राग आवरायची एक युक्ती शिकला. मुठी आवळायच्या, खांदे कानांपर्यंत न्यायचे आणि मोठ्ठा श्वास टाकत सगळं सैल सोडायचं. प्रत्येक थांब्यावर त्याचा सराव चाले.

"हवा निघून राहिली काय जी?" मागून कोणीतरी चिडवी.

"टायरची नाही बाप्पा, माही!"

परवा कोंढ्याजवळ धानाचा ट्रॅक्टर अचानक आडवा आला. करकचून ब्रेक लागला आणि मी शाळेत शिकवायला जाताना नेतो तो डबा सीटखाली घरंगळला. वर ट्रॅक्टरवालाच ओरडला, "दिसत नाही काय बे?"

ड्रायव्हरनं धाडकन दार उघडलं. आता गेली याची नोकरी, असं मला वाटलं. पण तो दारातच थांबला. मुठी आवळल्या, खांदे वर गेले आणि हळूहळू खाली आले.

"जा भाऊ, सांभाळून जा."

तो माझ्याकडे वळला तेव्हा चेहरा फुलला होता. "मास्तर, पाहिलं काय? मले जमलं!"

अख्ख्या बसनं टाळ्या वाजवल्या. मला आठवलं, घरातला पहिला पदवीधर झालो, त्या दिवशी मीही असाच "जमलं, जमलं!" ओरडत घरात शिरलो होतो.