गुंडाळ म्हणजे निघ नव्हे

चादरीची दोन टोकं माझ्या हातात आणि दोन खुर्चीच्या पाठीवर, अशी घडी अर्धीच राहिली होती, तेवढ्यात धाकटे भाऊजी दारात उभे. खरं तर ते आत्ता कारखान्याच्या सभागृहात, वार्षिक कार्यक्रमाला, गिटार घेऊन बसलेले असायला हवेत. "ही टोकं धरा," मी म्हटलं. त्यांनी धरली. मान मात्र खाली.

आमचे भाऊजी चष्म्याच्या दुकानात कामाला. तिळाएवढे स्क्रू बसवतात, एक सांडत नाहीत. पण गिटारीच्या वायरींशी त्यांचं जन्माचं वैर. वाजवून झालं की पिशवीत कोंबायच्या, आणि पुढच्या वेळी त्यातून घरटं बाहेर काढायचं. आमचे हे म्हणतात, "लग्नाची गाठ बसत नाही आणि वायरीची सुटत नाही, असा माझा भाऊ." यंदा कुठे त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी सुरुवातीचं वाजवणं पहिल्यांदा त्यांच्यावर सोपवलं होतं. सकाळी शर्टाला दोनदा इस्त्री केली माणसाने.

घडी झाल्यावर विचारलं, "काय झालं?"

"काढलं मला, वहिनी. मास्तरांनी."

"असे कसे काढतील?"

"लोक येऊन बसायला लागले, आणि मी आपला फरशीवर बसून गाठी सोडवतोय. गाणारी म्हणाली, 'दादा, स्वेटर विणताय का?' सगळे हसले. मग मास्तर आले. 'पुरे, आता गुंडाळ,' म्हणाले. सगळ्यांदेखत. गुंडाळलं आणि आलो."

कान लालबुंद झाले होते त्यांचे. मी मनात देवाला म्हटलं, या माणसाने कधी कुणाचं वाकडं केलं नाही, मग चारचौघांत एवढी शोभा कशाला रे?

इतक्यात मास्तरांचा फोन. मीच उचलला.

"वहिनी, तुमचा दीर कुठे आहे?"

"घरी. तुम्हीच म्हणालात ना, गुंडाळ म्हणून?"

मास्तर ओरडलेच. "अहो, वायर! वायर गुंडाळ म्हणालो! सगळ्यांच्या पायात येत होती. निघ कुठे म्हणालो? आणि माइकची वायर नाही, बेस गिटारवाल्याची नाही. लोकांना चहा देऊन बसवलंय. चहा संपायच्या आत त्याला पाठवा."

भाऊजींनी पिशवी उपडी केली. काळ्या भेंडोळ्यात माइकची लाल वायर साप अडकावा तशी अडकलेली. बेसवाल्याचीही होती, टोकाला त्याची पांढरी पट्टी. भाऊजींना आधी हाकलल्याची लाज होती, आता पळाल्याची, आणि वर दुसऱ्यांच्या वस्तू घेऊन पळाल्याची.

"कुठल्या तोंडाने जाऊ? वहिनी, सांगा ना त्यांना, ताप आलाय म्हणून."

खरं लिहायचं तर माझ्याही ओठांवर आलं होतं. सकाळ-संध्याकाळ देवाचं नाव घेणारं तोंड, आणि त्याच तोंडाने तापाची थाप! माझीच मला शरम वाटली.

"ताप आलाय खरा, पण आमच्या डोक्याला," मी म्हटलं. "सरका इकडे. आणि ओढू नका. ओढलं की गाठ आवळते. मोकळं टोक शोधा."

त्यांनी दुकानाचा बारीक पेचकस काढला. एकेका गाठीत त्याचं टोक घालून ती सैल करायला लागले, चष्म्याची काडी बसवावी तसे. मी सुटलेली वायर हातात घेत गेले. बघताबघता लाल वायर मोकळी झाली, मग पांढऱ्या पट्टीची, मग त्यांची स्वतःची.

"तिथे का नाही जमलं हो?"

"तिथे सगळे बघत होते," ते हळूच म्हणाले. मग म्हणाले, "गाणारी पुन्हा हसेल."

"हसेलच. गेलात तर हसेल, नाही गेलात तर बोलेल. हसणं स्वस्त पडेल."

त्यांनी गिटार पाठीला लावली, पुन्हा काढली, पुन्हा लावली. "वाजवू दिलं तर," एवढंच पुटपुटले. जिना उतरताना वर बघितलंसुद्धा नाही. हे लिहितेय तोवर पोचलेही असतील, गाणारीची लाल वायर आणि बेसवाल्याची काळी परत द्यायला.