सावडीची किल्ली

आमच्याकडं सावड म्हणजे आज माझी बैलं तुझ्या रानात, उद्या तुझी माझ्या. बैलं गेली, ट्रॅक्टर आले आणि सावड भाड्यात बुडाली. पुण्याची नोकरी मी कळंबजवळच्या गावात घरी बसून करायची, आणि दुपारच्या सुस्तीत मला उघड्या डोळ्यांनी स्वप्नं पडायची. ब्लॉकचेनवर सावड! मध्ये दलाल नको, कंपनी नको. कुणी किती दिवस ट्रॅक्टर दिला ते सगळ्यांच्या फोनात एकदमच राहणार, एकानं खोडायचं म्हटलं तरी खोडता येणार नाही. जितके दिवस दिले, तितके परत मागायचे. गावातली बरीच घरं तयार झाली. सगळ्यांच्या आधी माझ्या मावशीचे यजमान, आमचे काका. "लई भारी!" म्हणाले, आणि ट्रॅक्टर घेऊन गावभर पेरत हिंडले.

प्रत्येकानं आपलं एक गुपित वाक्य टाकायचं होतं. तीच किल्ली. "कधीच विसरणार नाही असं टाका, आणि कुणाला सांगू नका," मी ऐटीत म्हणाले. काकांनी पाठ फिरवून टाकलं आणि स्वतःशीच हसले.

श्रावणात काका गेले. ट्रॅक्टर त्यांच्या भावाच्या नावावर होता, तो भावानं नेला. ज्वारीची पेरणी आली. रानातली ओल आज-उद्यात उडणार होती. काकांनी दिलेले दिवस शिल्लक होते, पण कुलपात, आणि किल्ली काकांबरोबर गेलेली. मलासुद्धा ते उघडता येईना. हेच तर मी छाती फुगवून सांगत फिरले होते. डोंबल माझं!

शेजारचे म्हणाले, "वहिनी, असंच पेरून देतो की."

मावशी ऐकेना. "दया नको मला. घाम त्यांनी गाळलाय. त्यांचेच दिवस पायजेत."

ओसरीत बसून आम्ही काय काय टाकून बघितलं. पोरांची नावं, जुन्या बैलांची, देवीचं. पिवळं ऊन पेंगुळलं होतं, त्यात धुरळा तरंगत होता. एकदा तर वाटलं, काका मागं उभे राहून आमची मजा बघतायत. मला त्यांची इतकी आठवण आली की अक्षरं दिसेनात.

"तुमचं नाव टाकू, मावशी?"

मावशी चक्क लाजली. "जन्मात घेतलं न्हाय त्यांनी माझं नाव."

"मग हाक काय मारायचे?"

"हाक कसली बाई! रानातनं आले की दारातनं म्हणायचे, आलो गं. तेवढंच."

मी टाईप केलं. सवयीनं मोठ्यानं म्हणतही गेले, "आलो गं."

कुलूप उघडलं. दिवस सगळे जागच्या जागी होते.

"मावशी, उघडलं! उद्या पेरणी!" मी ओरडले आणि वळून बघितलं. मावशी तिथं नव्हती. ती न्हाणीत उभी होती, पाय धुवायला बादलीत पाणी काढत.