गोचीड, म्हैस आणि वहिनीची तांबडी

आणीबाणीच्या आधीची गोष्ट. मानकोलीला तेव्हा भात होता आणि गुरं होती. माझ्या म्हशीला गोचीड झाली. कानात, शेपटीच्या बुडाला, कासेवर, फुगलेल्या मिऱ्यांसारखी.

शेजारी थोरला भाऊ. शेवग्याच्या शेंगा कुणाच्या अंगणात पडल्या यावरून आमचं बोलणं बंद होतं. पण सल्ला दिल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. मग तो कुंपणापाशी येऊन म्हशीशी बोलायचा.

"म्हशी, मालकाला सांग, गुरांच्या दवाखान्यात पावडर मिलते."

मीही म्हशीलाच सांगितलं, "त्याला म्हनावं, तूच लाव अंगाला."

शाळा मी लवकर सोडली, पण गुरांतलं मला कोणी शिकवायची गरज नव्हती. पावडर चांगलीच असेल. ती त्याच्या तोंडून आली होती, एवढंच. मी हाताने गोचीड उपटत बसलो, म्हैस लाथा झाडत राहिली.

एका सकाळी वहिनीची तांबडी कोंबडी कुंपणाखालून आली, म्हशीच्या पाठीवर चढली आणि गोचीड टिपायला लागली. कान झाले, मान झाली, खाली उतरून कासही झाली. म्हैस डोळे मिटून उभी. मी चरवी घेऊन बसलो, तर दूध असं उतरलं की फेस बाहेर. मग रोजच तसं चाललं. निजामपुऱ्यात ज्या हॉटेलाला मी दूध घालायचो, तिथला शेट म्हणाला, "भैंस को क्या खिलाते हो?"

"अपना तरीका है," मी म्हटलं.

पुढे गोचीड संपली. तांबडीला खायला काही उरलं नाही, ती यायची थांबली. आणि पाठीवर कोंबडी असल्याशिवाय म्हैस पान्हा सोडेना. पेंड घातली, पाठ थोपटली. बायकोने चोचीसारखी बोटं करून टोचून पाहिलं. म्हशीने मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि चरवी उडवली.

"आता कोंबडी व्हायचंच राहिलं होतं माझं," बायको म्हणाली. "जा, वहिनींकडं मागा."

"मी? त्याच्या दारात?"

"मग हॉटेलात काय घालनार, विहिरीचं पानी?"

शेटचा निरोप आलाच होता, उद्या दूध नाही आलं तर दुसरा दूधवाला बघतो. तेवढ्यात कुंपणापलीकडून भाऊ म्हणाला, "म्हशी, आज गणेशपुरीवरून जावई येनार हाय. तांबडी हंडीत जानार."

मी कुंपणापर्यंत गेलो, पण ओलांडलं नाही. म्हशीला तसली अडचण नव्हती. तिने दावं तोडलं, कुंपण आडवं केलं आणि भावाच्या खुराड्यापुढे जाऊन रेकली. तांबडी सवयीने पाठीवर. दूध मातीत टपकायला लागलं. मी चरवी घेऊन धावलो आणि त्याच्याच अंगणात धार काढायला बसलो.

वहिनी सुरी घेऊन उभी. "भावजी, कोंबडी पायजे का?"

"मी मागितली का?"

"न्हाय. मग कापू?"

"दूध होऊ द्या."

"मग कापू?"

"सांजचं पन दूध काढायचं हाय. उद्याचं पन."

भाऊ हसून हसून ओट्यावर बसला. "चरवी सरळ धर, येड्या," तो म्हणाला. म्हशीला नव्हे, मला.

जावयाला सुकटीचं कालवण मिळालं. तो दिवसभर तांबडीकडे बघत होता.

म्हैस आटेपर्यंत मी तिथेच दूध काढलं. लोक म्हणतात, मी नमलो. कोंबडी मी मागितलीच नव्हती. म्हैस गेली, मी तिच्या मागे गेलो.