भाऊसाहेबांचा खोकला

दवाखाना बघायला गेले की भाऊसाहेब आधी एखाद्या रिकाम्या खाटेवर आडवे होत. अमरावतीच्या एका धर्मादाय ट्रस्टचे ते विश्वस्त. दवाखान्यांना, वृद्धाश्रमांना मदत द्यायची की नाही, हे त्यांच्या शब्दावर ठरे. वकिली सुटली होती, उलटतपासणी सुटली नव्हती. छताकडे बघत ते विचारत, "हा पंखा रातभर असाच खडखड करते काय? मंग पेशंटनं झोपावं कवा?" चालक मंडळी हार घेऊन ताटकळत.

पुढे हारांचा कंटाळा आला आणि ते न सांगता जाऊ लागले. मळकं धोतर, हातात पिशवी आणि खोकला. परतवाड्याला एका डॉक्टरनं त्यांना खरोखरीच सुई टोचली. "खोकला खोटा होता, पन सुई खरी निंगाली," असं सांगून स्वतःच हसत. "पन टोचायच्या आधी छातीले नळी लावली त्यानं. म्हटलं, देऊन टाका मदत."

हे सगळं मी ऐकून होतो, माणूस पाहिला नव्हता. अकोल्यात आमचं लकव्याच्या आणि सांधेदुखीच्या रुग्णांसाठी व्यायामकेंद्र होतं. ट्रस्टची मदत नाही मिळाली तर महिनाअखेर कुलूप लागणार होतं. भाऊसाहेब येणार अशी कुणकुण लागली आणि आम्ही दाराकडे डोळे लावून बसलो.

एका सकाळी धोतर, पिशवी आणि खोकला दारात उभे राहिले. सिस्टरनं हात धरून आत आणलं, डॉक्टरांनी जातीनं गुडघा शेकला, मी आल्याचा चहा केला. म्हातारबाबा पार अवघडले. "मी मूर्तिजापूरचा हाय बाप्पा, गुडघा दुखते म्हनून आलो," असं परोपरीनं सांगत होते. आम्ही मनात म्हटलं, काय बेमालूम सोंग आहे. मग त्यांची सून त्यांना न्यायला आली.

आम्ही एकमेकांची तोंडं बघत होतो, तेवढ्यात कोपऱ्यातल्या बाकावरून इस्त्रीच्या सदऱ्यातले एक गृहस्थ उठले.

"मी भाऊसाहेब. कवाचा बसून राहिलो, मले कोनी पानी नाही विचारलं."

माझ्या डोळ्यांपुढे कुलूप आलं.

"पन त्या बुढ्याची सेवा झकास केली. मदत भेटन. अट एकच. येनारा हरेक म्हातारा मीच हाय, असं समजून चाला."

केंद्र वाचलं. नंतर ते वरचेवर येत, आमच्या खाटांवर लोळत आणि आम्हाला फैलावर घेत. गेल्या हिवाळ्यात भाऊसाहेब वारले. खोटं कशाला बोलू, मला पोरकं वाटलं.

नव्या सिस्टरला ते गेल्याचं आम्ही अजून सांगितलेलं नाही. परवा तिनं विचारलं, "भाऊसाहेब कवाबी येतीन म्हनता, पन त्याईले ओयखाचं कसं?"

"ओळखू येत नाहीत," मी म्हणालो.

इतक्यात दारात कुणीतरी खोकलं. ती पाण्याचा पेला घेऊन धावली. मीही उठलो.