पेटीमागचा फिल्टर

सरलाबाईंना दारातल्या जुन्या पिकअपबद्दल कुणी वाकडा शब्द काढलेला खपायचा नाही. गाडी त्यांच्या नवऱ्याने, दगाआप्पांनी घेतलेली. सुरतेजवळच्या कडोदऱ्याच्या लूमवरून कापडाचे ताके भरायचे आणि पलसाण्याच्या मिलमध्ये रंगवायला नेऊन टाकायचे, हा तिचा जन्माचा धंदा. आप्पा गेल्यावर धाकटा दीर राघो ती चालवायला लागला. बाईंची सगळी माया मात्र गाडीवर. सणासुदीला तिची नजर काढायलाही त्या कमी करायच्या नाहीत.

थोरले दीर भगवानदादा बारडोलीला साखर कारखान्यात. घराण्याची कुलदेवी कानबाई; तिचा पिढीजात नारळ, म्हणजे देवीच, त्यांच्या देव्हाऱ्यात असतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळी भावकी तिथे जमायची, नैवेद्याचे रोट व्हायचे, देवीपुढे गाणी रंगायची. यंदा राघोने सुरतेत, डिंडोलीला घर बांधलं आणि देवी आपल्याकडे बसवायची इच्छा धरली. दादा हो म्हणाले. नारळ न्यायला आपली मोटार देतो, असंही म्हणाले. तिथे सरलाबाई मध्ये पडल्या. देवी येईल तर आप्पांच्याच गाडीतून येईल, असं त्यांनी फोनवर ठणकावलं. दादा शांत माणूस. त्यांनी शांतपणेच सांगितलं की दिवेलागणीच्या आत देवी त्या गाडीतून घरी पोचली तर ठीक, नाहीतर सोमवारी ते डबडं भंगारात.

रविवारी सकाळी राघोने गाडी काढली. गल्लीच्या तोंडाशी तिने दोनचार आचके दिले आणि ती गप्प झाली. नाक्यावरच्या गॅरेजचे भूपेंद्रभाई सुट्टीच्या दिवशी बनियनवरच आले. त्यांनी राघोला दोनदा किल्ली फिरवायला लावली आणि मान डोलावली.

"डीझल फिल्टर जाम थई गयो छे. चा मूको, त्यां सुधीमां पती जशे."

चहा होईतो काम उरकायचं होतं, पण तो उकळून निवला तरी भूपेंद्रभाई गाडीखालून बाहेर येईनात. आले तेव्हा त्यांचा चेहरा पडलेला होता.

"आ पेटी कोणे लगाडी?"

सगळ्यांनी सरलाबाईंकडे पाहिलं. बाई दुसरीकडे बघायला लागल्या. एकदा गावाहून येताना पावसात ज्वारी-उडदाच्या कळण्याचं पीठ आणि लाल मिरच्या भिजून लगदा झाला होता. त्यानंतर बाईंनी आप्पांच्या मागे असा काही धोशा लावला, की त्यांनी हौद्याखाली चेसीला लागून लोखंडी पत्र्याची पेटी वेल्डिंग करून घेतली. त्या पेटीतून पीठ आलं, पापड आले, मिरच्या आल्या, एकदा तर जिवंत कोंबडीही आली. पेटीच्या मागे डिझेलचा फिल्टर अडकला आहे, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. इतकी वर्षं तो बिचारा काही बोलला नाही हेच नवल.

पेटी कापायची तर ठिणगी डिझेलच्या नळीवर उडणार, आणि रविवारी वेल्डर तरी कुठला मिळायला? उरली ती पेटी आणि चेसीमधली चिंचोळी फट. भूपेंद्रभाईंचा पंजा तिथे अर्ध्यातच अडकला. राघोचा तर बोटांपुढे जाईना. राघोची बायको उज्ज्वला, तिचा हात अगदी बारीक. पण कानबाईसाठी तिने आदल्याच दिवशी हातभर हिरव्या बांगड्या भरल्या होत्या. जावा, नणंदा, शेजारणी एकेक करून पुढे आल्या आणि मागे सरकल्या. बारीक हातांचा तोटा नव्हता, पण प्रत्येक हातात नवा चुडा, आणि आजच्या दिवशी तो उतरवा असं कोणाच्या तोंडून निघणार?

सरलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आप्पा गेल्यापासून कानबाईच्या दिवशी त्या चुलीपाशीच थांबायच्या. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि पुढे ये असंही कुणी म्हटलं नव्हतं. दरवर्षी या दिवशी आपलं मोकळं मनगट त्यांना फार टोचायचं. आज त्यांनी त्याच मनगटाकडे पाहिलं आणि त्यांना हसू आलं.

"सरक राघो. मी टाकस हात."

"वहिनी, खाल झोपनं पडी."

"मंग? लूमवर कांड्या भऱ्यात त्या काय खुर्चीवर बशीसन?"

पदर खोचून बाई गोणपाटावर आडव्या झाल्या आणि गाडीखाली शिरल्या. हात फटीत कोपरापर्यंत गेला तशी बाहेर एकच कुजबुज झाली. दिसत काहीच नव्हतं. पण लूमवर कांड्या भरताना तुटलेला धागा नुसत्या बोटांनी शोधण्यात त्यांची अर्धी हयात गेली होती. भूपेंद्रभाई पलीकडून सांगत होते आणि बाईंची बोटं चाचपत होती.

"क्लिप मळी, बेन?"

"सापडनी."

छोट्या पेचकसाने क्लिप सैल झाली, नळी सुटली आणि डिझेल ओघळून थेट बाईंच्या पोलक्यात शिरलं. त्यासरशी त्यांनी पेटी करवून घेणाऱ्या आप्पांचा असा उद्धार केला की बाहेरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले.

"वहिनी, पेटी तर तुम्हीच सांगेल व्हती," राघो म्हणाला.

"तू नवा फिल्टर दे. बोलू नको."

जुना फिल्टर बाहेर आला तो काळ्या चिखलाने भरलेला. नव्यावरचा बाण इंजिनाकडे राहील असा तो बाईंनी बसवला, क्लिपा आवळल्या. राघोने किल्ली फिरवली. गाडी नुसती कण्हली.

"हवा भराई गई छे," भूपेंद्रभाई म्हणाले. नळीत हवा शिरली होती आणि ती काढायचा रबरी पंपही पेटीच्याच मागे होता. बाई पुन्हा आत. भिजलेली कणीक मळून घट्ट व्हावी तसा तो पंप मुठीत टणक होईपर्यंत दाबत राहिल्या. मग गाडीने एक खोकला काढला, गल्लीभर धूर सोडला आणि ती सुरू झाली. पोरांनी शिट्ट्या मारल्या. बाई बाहेर आल्या त्या काळ्याकुट्ट, आणि इतक्या खूश की त्यांना उभं राहून हसताही येईना.

पण भूपेंद्रभाईंनी एक इशारा दिला. वाटेत पुन्हा हवा धरली तर पंप दाबणारा हात सोबत हवा. आणि तो हात एकच होता. खरं तर नारळ आणायला उज्ज्वला जायची होती, पण सकाळ गाडीपायी गेली होती आणि रोटांचं पीठ तसंच पडलं होतं. ती मागे थांबली. तोंड धुवून, लुगडं बदलून सरलाबाई गाडीत बसल्या.

बारडोलीला थोरल्या जाऊ कलाबाई दारातच उभ्या होत्या. हातात ताम्हण, त्यात लाल कापडात बांधलेला नारळ. रीतीभातीला कलाबाई भारी कडक. त्यांची नजर उज्ज्वलाला शोधत होती. सरलाबाई आपण होऊन बाजूला झाल्या आणि जावेला म्हणाल्या,

"बाई, तुम्हीच बसा गाडीमा. मन्हा हातले डिझलना वास ई राहिना."

राघोला कुठे दम धरवतो? त्याने पेटीपासून पंपापर्यंत सगळं हातवारे करून सांगितलं. भगवानदादांनी गाडीभोवती एक फेरी मारली, बॉनेटवर थाप दिली आणि "सोमवारनं ऱ्हाऊ दे" एवढंच म्हणाले.

कलाबाईंनी विचारलं, "गाडी कोन्ही चालू कयी?"

"वहिनीनी," राघो म्हणाला.

"मंग कानबाई आखो कोना मांडीवर बशी? चढ वर, सरला."

सरलाबाई चढल्या. त्यांनी हात लुगड्याला पुसले, पुन्हा पुसले, बोटांचं काळं आणि वास काही जाईना. त्याची वाट न बघता कलाबाईंनी नारळ त्यांच्या मांडीवर ठेवला आणि दार लावून घेतलं. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. आपण हसतोय की रडतोय हे त्यांना कळेना. एका हाताने त्यांनी डोळे पुसले, आणि गालावर ओढला गेलेला काळा पट्टा डिंडोली येईपर्यंत राघोने त्यांना सांगितला नाही.